केर काढणारं यंत्र काय मागतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे नवी केरसुणी घरात आणतात, तिला हळदकुंकू वाहतात आणि तिला लक्ष्मी म्हणतात. वर्षाचे बाकीचे दिवस ही लक्ष्मी दाराआड उभी असते आणि ती हातात कोणी धरायची, हे घराघरांत न बोलता ठरलेलं असतं. अलीकडे दिवाळीच्या जाहिरातींत तिच्या जोडीला एक नवी वस्तू दिसू लागली आहे. पोळीच्या तव्यापेक्षा थोडी मोठी, चपटी, गोल आणि आपली आपण घरभर फिरून केर काढणारी. रोबो व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात तिला. किंमत दहा-पंधरा हजारांपासून थेट लाखाच्या घरापर्यंत.

मग प्रश्न येतो, यातला कोणता घ्यावा? दुकानदार आकडे सांगतो. हवा ओढण्याची ताकद इतके हजार पास्कल, बॅटरी इतकी मिनिटं. हे आकडे पाहून निवड होत नाही, उलट गोंधळ वाढतो. मला वाटतं, इथे इतिहासाची मदत घ्यावी. या यंत्रामागे जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा आहे आणि ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. केर काढणाऱ्या प्रत्येक यंत्राने घराचं एक काम घेतलं आणि त्या बदल्यात घराकडून दुसरं काहीतरी मागून घेतलं. काय मागितलं आणि ते कोणी दिलं, एवढं नीट पाहिलं तर निवडीची अर्धी वाट सरते.

सुरुवात करू १८७६ सालापासून. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्स या गावी, मेलव्हिल बिसेल नावाच्या दुकानदाराने गालिचा झाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं आणि त्याची पत्नी अ‍ॅना हिचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं. भांडी लाकडाच्या भुशात बांधून येत आणि तो भुसा गालिच्यात रुतून बसे. बिसेलच्या यंत्राला मोटर नव्हती, वीज नव्हती. दांड्याने पुढे ढकललं की चाकं फिरत, चाकांबरोबर गोल ब्रश फिरे आणि केर आतल्या पेटीत जाऊन पडे. १८८९ मध्ये मेलव्हिल वारला आणि कारखान्याचा कारभार अ‍ॅनाने हाती घेतला. एका बाईने एवढा मोठा कारखाना चालवणं ही त्या काळच्या अमेरिकेत दुर्मीळ गोष्ट होती. हा फिरता ब्रश लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

योगायोग असा, की त्याच १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजीचा जन्म झाला. पुढे हेच गाडगेबाबा. हातात खराटा घेऊन गावात शिरायचं, आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तन करायचं. ज्या समाजात झाडणं हे हलकं काम मानून ते काही माणसांच्याच माथी मारलं होतं, तिथे हा माणूस खराटा आपणहून उचलत होता. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना आपल्या पावलांची धूळ पुसली जावी म्हणून कमरेला झाडू बांधावा लागे, याची आठवण डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या आपल्या पुस्तकात करून दिली. तेव्हा झाडू कोणाच्या हातात आहे हा प्रश्न आपल्याकडे नुसता सोयीचा कधीच नव्हता. यंत्राचा विचार करतानाही तो विसरून चालत नाही.

आता लंडनला जाऊ. साल १९०१. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा पुलांचा आणि जत्रेतल्या प्रचंड पाळण्यांचा इंजिनियर. व्हिएन्ना शहरात आजही फिरणारा मोठा पाळणा उभारण्यात त्याचा हात होता. लंडनमध्ये त्याने एका सफाईयंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र हवेचा झोत सोडून धूळ उडवायचं आणि उडालेली धूळ पेटीत पडेल अशी आशा बाळगायचं. बरीचशी धूळ अर्थातच पुन्हा खाली बसे. बूथने विचारलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते शक्यच नाही, असं उत्तर मिळालं. मग बूथने एका उपाहारगृहातल्या मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावून जोरात श्वास ओढला. त्याचा जीव गुदमरला, पण मुद्दा सिद्ध झाला.

त्याने बनवलेलं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं होतं. त्याला पेट्रोलचं इंजिन होतं. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात जात. श्रीमंत बायका मैत्रिणींना चहाला बोलावून ही सफाई दाखवत आणि नळीतून जाणारी धूळ दिसावी म्हणून काही नळ्या पारदर्शक ठेवलेल्या असत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाआधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतला गालिचा याच यंत्राने साफ केला. या यंत्राने घराकडून काय मागितलं? रस्ता मागितला, घोडे मागितले, यंत्र चालवणारी माणसं मागितली आणि भरपूर पैसा मागितला. म्हणून ते राजवाड्यात आणि मोठ्या हवेल्यांत राहिलं. सामान्य घरात ते शिरणं शक्यच नव्हतं.

सामान्य घराचा दरवाजा उघडला तो एका सफाई कामगाराने. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन गावात, जेम्स मरे स्पँग्लर एका मोठ्या दुकानात रात्री झाडलोट करी. त्याला दम्याचा विकार होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याच्या छातीत बसे. पंख्याची मोटर, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि धूळ अडवायला उशीचा अभ्रा, एवढ्या सामानातून त्याने हाताने ढकलायचं विजेचं यंत्र तयार केलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. भांडवल मात्र नव्हतं. ते हक्क विल्यम हूव्हर या ओळखीच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. हूव्हर घोड्यांची खोगिरं आणि साज बनवत असे. मोटारगाड्या आल्यावर घोडे जाणार, हे त्याला दिसत होतं. यंत्र दहा दिवस घरी फुकट वापरून पाहा, अशी जाहिरात त्याने दिली आणि धंदा असा वाढला, की इंग्लंडात 'हूव्हर' हे केर काढण्याचं क्रियापदच होऊन बसलं.

या यंत्राने घोडे मागितले नाहीत, माणसं मागितली नाहीत. त्याने मागितला गृहिणीचा वेळ. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहून हा हिशेब मांडला. पूर्वी जाड गालिचे वर्षातून एक-दोनदा अंगणात नेऊन, दोरीवर टाकून बडवत. त्या कामाला घरातले पुरुष, मुलगे, नोकर असे सगळे हात लावत. विजेचं यंत्र आलं आणि तेच काम दर आठवड्याला, एकट्या बाईचं झालं. काम हलकं झालं हे खरं, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि मदतीचे हात गेले. जोअ‍ॅन व्हॅनेक या संशोधक बाईंनी १९७४ मध्ये आकडे जुळवून दाखवले. बाहेर नोकरी न करणारी अमेरिकी गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती. १९६० च्या दशकात, घर यंत्रांनी भरल्यावर, ती सुमारे ५५ तास करत होती.

आपल्याकडची गोष्ट निराळी. मुळात हे यंत्र गालिच्यासाठी जन्मलेलं आणि आपलं घर शेणाने सारवलेल्या जमिनीचं, नंतर शहाबादी फरशीचं, मोझॅइकच्या लादीचं. तिथे केरसुणी आणि ओलं फडकं पुरेसं होतं. १९८२ मध्ये फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरू लागले. गादी, सोफा, पडदे, पंख्याची पाती, छतावरची जळमटं, अशा केरसुणी न पोचणाऱ्या जागा शोधून त्यांनी यंत्र विकलं. पण ज्या घरांनी ते घेतलं, त्यांतल्या कितीतरी घरांत ते दिवाळीच्या साफसफाईपुरतं बाहेर येई आणि एरवी माळ्यावर जाई. रोजचा केर केरसुणीनेच निघत राहिला.

आणि शहरी मध्यमवर्गीय घरात ती केरसुणी धरणारा हात बहुधा कामाला येणाऱ्या मावशींचा होता. आपल्याकडे या कामाचा दर कामागणिक ठरतो. धुण्याचा वेगळा, भांड्यांचा वेगळा, केर-फरशीचा वेगळा. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. म्हणजे केर काढणं हे काम आहे, त्याला मोल आहे, हे मान्य करून घ्यायलाच इतकी वर्षं लागली.

आता रोबोकडे वळू. हा शब्द आला चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर.यू.आर.' या नाटकातून. १९२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे मालकासाठी सक्तीने करावं लागणारं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. केर काढणाऱ्या यंत्राला यापेक्षा समर्पक नाव सापडलं नसतं.

पहिला विक्रीला आलेला घरगुती रोबो क्लीनर इलेक्ट्रोलक्सचा. नाव ट्रायलोबाइट. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळावर सरपटणाऱ्या एका नामशेष जिवाचं हे नाव. १९९६ मध्ये त्याचा नमुना बीबीसीवर दाखवला गेला आणि २००१ मध्ये तो बाजारात आला. वटवाघळासारखा आवाजाच्या लहरी सोडून तो अडथळे ओळखे. पण तो फार महाग होता.

खरी उलथापालथ झाली सप्टेंबर २००२ मध्ये. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून बाहेर पडलेल्या रॉडनी ब्रुक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर या तिघांनी १९९० मध्ये आयरोबो ही कंपनी काढली होती. लष्कराला रोबो पुरवणाऱ्या या कंपनीने आता 'रूंबा' नावाचा क्लीनर आणला. किंमत जवळपास २०० डॉलर. ब्रुक्स यांचं म्हणणं असं, की रोबोला आधी सगळ्या जगाचा नकाशा देऊन शहाणं करायची गरज नाही. मुंगीला कुठे नकाशा असतो? समोर भिंत आली तर वळ, पायरीची कड आली तर मागे फिर, एवढे साधे नियम पुरतात. पहिला रूंबा असाच धडपडत, आपटत, आडवातिडवा फिरे. एकाच जागेवरून तो अनेकदा जाई म्हणून केर निघे. त्याची बॅटरी लहान होती, जोरदार हवा ओढणं तिला झेपणारं नव्हतं. म्हणून त्याचा मुख्य भर होता फिरत्या ब्रशवर. म्हणजे सव्वाशे वर्षांनी बिसेलचाच ब्रश परत आला. नुसत्या पास्कलच्या आकड्यावर जाऊ नका असं मी का म्हणतो, ते यावरून ध्यानात येईल. गुळगुळीत फरशीवर ब्रशची बनावट आणि फिरण्याची पद्धत यांना तेवढंच महत्त्व आहे.

या रोबोने काय मागितलं? आधी मागितलं ते घराने बदलावं असं. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये रूंबा वापरणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक यंत्राला नाव ठेवत होते, त्याच्याशी बोलत होते. आणि त्याला अडू नये म्हणून खुर्च्या हलवत होते, वायरी गुंडाळत होते, गालिच्यांच्या झालरी आत दुमडत होते. वेठबिगाराच्या आधी मालकच घर आवरू लागला. आपल्या घरात तर जमिनीवर किती गोष्टी असतात पाहा. पाट, चटया, चपलांचा ढीग, पोरांची खेळणी, दारातली रांगोळी.

नंतर त्याने नकाशा मागितला. २०१० मध्ये नीटो कंपनीच्या रोबोने लेझरच्या किरणांनी खोली मोजायला सुरुवात केली. २०१५ मध्ये रूंबाला कॅमेरा आला. तो खोलीतल्या खुणा पाहून आपली जागा ठरवू लागला. आता यंत्र ओळीत, शिस्तीत झाडतं, थोड्या वेळात झाडतं आणि आज फक्त स्वयंपाकघर झाड म्हटलं तरी त्याला कळतं. ही सोय खरी आहे. पण नकाशा म्हणजे आपल्या घराची माहिती. २०१७ मध्ये हे नकाशे इतर कंपन्यांना देण्याच्या शक्यतेवर आयरोबोचे प्रमुख बोलले आणि एवढा गदारोळ झाला, की आम्ही माहिती विकणार नाही असा खुलासा करावा लागला. २०२२ च्या डिसेंबरात बातमी आली, की चाचणीसाठी दिलेल्या रोबोंनी टिपलेली घरातली खाजगी छायाचित्रं समाजमाध्यमांवर पोचली. त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचं छायाचित्र होतं. रोबोला वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी ती छायाचित्रं दूरदेशी, कमी मजुरीवर काम करणाऱ्या माणसांकडे पाठवली होती आणि तिथून ती फुटली. चाचणी घेणाऱ्यांची संमती होती, असं कंपनीने सांगितलं. पण मला या बातमीतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. आपोआप झाडणाऱ्या यंत्राच्या मागेही कुठेतरी माणसांचेच हात होते. २०२४ मध्ये तर अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीच्या काही रोबोंचा ताबा भामट्यांनी मिळवला आणि यंत्रातून घरच्या माणसांना शिव्या ऐकू आल्या.

तिसरी मागणी सगळ्यात अवघड. यंत्र आपल्या कंपनीशी कायमचा दोर मागतं. पूर्वीचा क्लीनर कंपनी बुडाली तरी चाले, गल्लीतला कारागीर मोटर बांधून देई. आताचं यंत्र मोबाइलवरच्या अ‍ॅपने आणि कंपनीच्या दूरच्या संगणकांच्या भरवशावर चालतं. नीटो कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. पुढे २०२५ मध्ये तिची संगणकसेवाही थांबली आणि लोकांच्या धडधाकट यंत्रांचं अ‍ॅप निकामी होऊन फक्त बटण उरलं. खुद्द आयरोबो विकत घेण्याचा अ‍ॅमेझॉनचा बेत २०२२ मध्ये जाहीर झाला. युरोपातल्या नियामकांच्या आक्षेपांमुळे जानेवारी २०२४ मध्ये तो बारगळला. चिनी कंपन्यांशी स्पर्धा होतीच. डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबोने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचे रोबो बनवून देणाऱ्या चिनी कारखानदाराकडेच तिची मालकी जाण्याचं ठरलं. ज्यांनी घरोघरी रोबो नेला, त्यांचीच ही गत.

आपल्याकडे रोबोचा गाजावाजा खरा झाला तो २०२० च्या टाळेबंदीत. मावशी येऊ शकत नव्हत्या आणि केर रोज साठत होता. कितीतरी घरांत पुरुषांच्या हाती केरसुणी पहिल्यांदा आली ती तेव्हा. यंत्रांची मागणी वाढली त्यामागे आवड कमी, अडचण जास्त होती.

मग निवडायचं कसं? या इतिहासातून निघणारे प्रश्न सांगतो. यंत्र घराकडून काय मागेल, ते आधी मोजा. उंबरठे मोजा. पुष्कळशी यंत्रं दोन सेंटिमीटरच्या आसपासचा उंबरठा ओलांडतात. जुन्या घरांतले लाकडी उंबरठे त्यांना झेपत नाहीत. दिवाण आणि कपाटाखालची फट मोजा. डोक्यावर लेझरची टोपी असलेलं यंत्र साधारण दहा सेंटिमीटर उंच असतं, ते आत शिरलं पाहिजे. घरात लांब केसांची माणसं असतील, तर ब्रशात गुंतलेला केस सहज काढता येतो का, ते दुकानात ब्रश उघडून पाहा. फरशी पुसणारं यंत्र हवं असेल, तर त्याचं फडकं आणि घाण पाण्याची टाकी कोण धुणार, ते ठरवा. पाण्यात फिनेल टाकू नका असं पुष्कळ कंपन्या बजावतात, तेही वाचा.

मग नकाशाचा प्रश्न. घरात फिरता कॅमेरा नको असेल तर लेझरवर चालणारं यंत्र घ्या. ते फक्त अंतर मोजतं. अर्थात काही यंत्रांत दोन्ही असतात, तेव्हा विचारून घ्या. नंतर दोराचा प्रश्न. इंटरनेट बंद असताना नुसतं बटण दाबून यंत्र सगळं घर झाडेल का? बॅटरी, ब्रश, गाळणी आपल्या गावात मिळतील का आणि किती वर्षं? दुकानदाराला याचं उत्तर देता येत नसेल, तर पास्कलचा आकडा कितीही मोठा असला तरी घाई करू नये.

आणि शेवटचा हिशेब मावशींचा. यंत्र आलं की केर-फरशीचे पैसे कापणं सोपं असतं. पण यंत्र कोपऱ्यातलं काढत नाही, जिन्यावर चढत नाही, खिडकीची जाळी पुसत नाही, आणि त्याला स्वतःलाच आठवड्याला कोणीतरी साफ करावं लागतं. ते उरलेलं काम बहुतेक घरांत मावशींच्याच गळ्यात पडतं आणि त्याचा दर कुठेच ठरलेला नसतो. स्पँग्लरच्या छातीतली धूळ आठवा. रोजची धूळ मावशींच्या श्वासातून वाचणार असेल, तर यंत्राचं मोल मोठं आहे. फक्त त्यांची मिळकत कापून ते मोल चुकतं करायचं का, हे घरच्यांनी आणि मावशींनी समोरासमोर बसून बोलावं.

म्हणून माझी एक सूचना आहे. यंत्र घेण्याआधी एक आठवडा घरातल्या प्रत्येकाने, थोरांनी आणि पोरांनी, पाळीपाळीने केर काढावा. धूळ कुठे साठते, कुठे वाकावं लागतं, काय काय उचलून ठेवावं लागतं, हे सगळ्यांना आपोआप कळेल. त्या आठवड्यानंतर दुकानात जाल, तेव्हा काय विचारायचं ते जाहिरातीत शोधावं लागणार नाही. आणि एखाद्या घराला त्या आठवड्यात असंही वाटेल, की पाळीच चालू ठेवावी, यंत्राची गरज नाही. तीसुद्धा निवडच झाली.